टाचेचा नवस

डहाणूजवळच्या मसोलीत बाईमाणूस रस्त्यानं पळताना दिसलं की लोक मदतीला येतात. मला हे दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात कळलं.

मुलगी त्या वर्षी पहिलीत गेली होती. मी तलासरीजवळच्या एका शाळेत गणित शिकवते, तेव्हाही शिकवत होते. फळ्यावर एक लांबलचक पदावली सोडवता सोडवता मला धाप लागली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनं उठून मला पाण्याची बाटली दिली. चाळिशी अजून लांब होती. त्या रविवारी मी बूट आणले आणि सोमवारी उजाडायच्या सुमारास पारनाक्याच्या समुद्राकडे पळायला निघाले.

पहिल्याच वळणावर एका चिकूवाल्या शेटजींनी स्कूटर थांबवली. "बेन, क्यां जवुं छे? बेसी जाव." मी म्हटलं, कुठंच जायचं नाही, पळतेय नुसती. त्यांना ते पटलं नाही. ते पुढच्या नाक्यापर्यंत माझ्या बाजूबाजूनं स्कूटर हळू चालवत आले. न जाणो, माझा विचार बदलला तर. घरी येऊन आंघोळ करते तोवर शेजारच्या काकू स्वयंपाकघरात हजर. सासूबाईंना हळूच विचारत होत्या, "सून सकाळी रडत रडत कुठं पळाली हो? काही झालं का घरात?" मी रडत नव्हते. घाम होता तो.

एसटीचा प्रसंग तर मी आजवर कुणाला धड सांगितलेला नाही. तलासरीच्या गाडीचे ड्रायव्हर मला ओळखतात, मी रोजची प्रवासी. एका रविवारी मी पळतेय, मला मागे टाकून गेलेली गाडी करकचून थांबली. कंडक्टर दारात लटकून ओरडले, "मॅडम, या या, थांबवलीय! सावकाश या!" गाडीतली सगळी माणसं खिडकीतून माझ्याकडे बघतायत, एक आजोबा हातानं 'ये, ये' करतायत. आता एवढ्या लोकांना थांबवून "मी व्यायाम करतेय" असं सांगायची माझी छाती झाली नाही. मी चढले. तिकीट काढलं. पुढच्या थांब्यावर उतरले आणि तिथून चालत घरी आले.

बाहेरचे एक वेळ परवडले. घरात नवरा, मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचा माझ्या पळण्याला पूर्ण पाठिंबा होता आणि तो हा पाठिंबा अंथरुणातून द्यायचा. सासूबाईंना, म्हणजे आईंना, पळणं मुळातच मान्य नव्हतं. त्यांचं माहेर पूर्वेला डोंगरपट्टीतलं, भात-नागलीचं घर. "पाय झिजतात," त्या म्हणायच्या. "देवानं मोजून दिलेले असतात." आणि खरा अडसर होता दुधाचा. दूधवाला नेमका माझ्या पळण्याच्या वेळेला यायचा. आई तेव्हा देवपूजेत. पूजेतून उठायचं नाही हा त्यांचा नेम. नवऱ्याला दूध तापवायला सांगावं तर तो पातेल्यासमोर उभा राहून दूध उतू जाताना बघायचा आणि मग मला हाक मारायचा. त्यामुळे माझं पळणं दुधाच्या आगेमागे कुठंतरी कोंबलेलं. दूध लवकर आलं तर समुद्रापर्यंत, उशीर झाला तर रेल्वे फाटकापर्यंत.

तरीही मी पळत राहिले, आणि दर वेळी थोडी तयारी झाली की काहीतरी उपटायचं. मुलीला कांजिण्या. मग मला मलेरिया, ज्यातून उठल्यावर दोन विजेचे खांब ओलांडले की बसावं लागायचं. मग आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग नणंदेकडची मंडळी महिनाभर. ताकद यायला महिने लागतात आणि जायला एक पाहुणा पुरतो. परत पहिल्यापासून सुरुवात, परत ती धाप, परत ते शेटजी: "बेन, हजी बस नथी मळी?" एवढ्या वर्षांत मला बस मिळालेली नाही अशीच त्यांची समजूत होती.

पण एक सांगते. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात मी मसोलीहून समुद्रापर्यंत, सुरूच्या झाडांतून वाळूवर आणि परत घरी, अशी न थांबता पळायला लागले होते. परत येताना वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात भरायचा आणि मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटायचा. दिवसभरात कुणाची सून, कुणाची आई, कुणाची मॅडम नसलेली तेवढी एकच वेळ होती. ती मला हवी होती, बस. त्याला आणखी कारण द्यायची मला गरज वाटत नाही.

आणि त्या पावसाळ्यात टाच धरली.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसावा तशी कळ यायची. थोडं चाललं की कमी व्हायची. पुन्हा बसून उठलं की पुन्हा खिळा. पंधरा-वीस दिवस मी कुणाला सांगितलंच नाही, कारण "पाय झिजतात" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. शेवटी डहाणूतल्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरणीकडे गेले. तिनं टाच दाबली, मी किंचाळले, आणि ती समाधानानं म्हणाली, "तळव्यातला पट्टा सुजलाय." पळणं बंद. रोज पोटरीचे व्यायाम. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरातसुद्धा. स्वयंपाकघरातसुद्धा मऊ चप्पल."

ती माझ्या घरात राहत नव्हती, म्हणून बोलली. आमच्याकडे देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे.

मी नवीकोरी चप्पल आणली, ती फक्त घरात घालायची, बाहेरची धूळही तिला लागलेली नव्हती. आईंना हे तीनदा समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "चप्पल ती चप्पल." मग तह झाला. ओट्यापर्यंत चप्पल चालेल, देवघराकडच्या चार लाद्यांवर नाही. फ्रिज नेमका त्या चार लाद्यांवर. म्हणजे बर्फाची बाटली काढायला मी चप्पल काढून, कळ सोसत, अनवाणी जायचं आणि त्याच कळेवर ती बाटली फिरवायची. फ्रिज हलवू म्हटलं तर नवरा म्हणाला, तिकडे प्लग नाही.

पोटरी ताणायला मी भिंतीला हात लावून उभी राहिले की आई विचारायच्या, "काय गो, भिंत पाडतेस?"

मग दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. तलासरीकडे जास्त, पण आमच्याकडेही भांडी वाजायची. आज झाला, चार दिवस नाही, मग एका दिवसात दोनदा. आमचे वर्ग झाडाखाली आले. पायथागोरस मी वडाच्या पारावर शिकवला. लोक अंगणात झोपायला लागले. आणि घरात मी भिंतीला हात लावला की आई कळवळून ओरडायच्या, "अगं हात काढ! आधीच हलतंय ते!"

एका दुपारी जेवून मी जरा आडवी झाले होते. आवाज आला, जमिनीखालून मोठा ट्रक जावा तसा, आणि मांडणीवरचे डबे एकमेकांवर आपटायला लागले. नवरा मुलीला उचलून अंगणात. आई त्यांच्यामागे. मी उठले, पहिलं पाऊल टाकलं आणि त्या पहिल्या पावलाच्या कळेनं गुडघ्यावर आले. भिंतीला धरून, लंगडत, उंबऱ्यापर्यंत पोचले आणि तिथंच अडकले. घरातली पळणारी म्हणून गावभर ओळखली गेलेली एकमेव बाई, आणि घराबाहेर पडताना सगळ्यांत शेवटची. आई परत आत आल्या. नवरा ओरडत होता, "आई, नको!" त्यांनी माझ्या दंडाला धरून मला खेचलं. त्या वयात त्यांच्या हातात तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ कितीतरी दिवस होते.

कौलं दोन-चार घसरली, बाकी काही झालं नाही. संध्याकाळी आई देवघरासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. मी भाकऱ्या थापत होते, लक्ष दिलं नाही.

आठवड्यानं मुलीनं मला बातमी दिली. "आजीनं विवळवेढ्याच्या देवीला नवस केलाय. तुझा पाय बरा झाला की तुला अनवाणी चालवत नेणार."

मी मुलीला पुन्हा विचारलं. अनवाणीच म्हणाली का? अनवाणीच.

मी तडक आईंसमोर जाऊन उभी राहिले. "आई, ज्या टाचेसाठी नवस, त्याच टाचेला अनवाणी चालवायचं? बरी झालेली टाच परत बिघडायला?"

"देवी बघेल."

"डॉक्टरणीनं एक पाऊलही नको म्हटलंय."

"डॉक्टरणीला विचारून नवस करतात का?"

"निदान मला तरी विचारायचंत! पाय माझे आहेत."

"घाईत होते," आई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

नवऱ्याकडे दाद मागावी, तर तो म्हणाला, "तुमच्या दोघींचं आणि देवीचं आहे, मी मध्ये पडत नाही." एवढं बोलून तो अंगणात खाट टाकायला गेला.

फेब्रुवारीत टाच खरोखर सुधारली. व्यायामानं, बर्फानं, आणि मी पळत नव्हते म्हणून. आईंच्या मते अर्थातच देवीनं. डॉक्टरणीनं सांगितलं, आता हळूहळू सुरू करा, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. मी दुसऱ्याच सकाळी बूट बाहेर काढले. आई पूजा सोडून उठल्या. मोतीबिंदूच्या वेळीसुद्धा त्या पूजेतून उठल्या नव्हत्या. दारात येऊन म्हणाल्या, "फेडल्याशिवाय पळू नकोस."

"आई, हे काय?"

"बरा झालाय ना पाय? मग आधी फेडायचं. देवीचं ठेवून पळालीस तर बरं नाही."

मी गेले तरी. सात-आठ मिनिटांत परत आले, टाच ठीक, मन खूश. आणि दुपारी धक्का बसला. छोटासाच, ग्लासातलं पाणी हललं इतका. आईंनी माझ्याकडे बघितलं. मुलगी मात्र बोलली, "बघ आई, आठवण करते ती."

यापुढे मी कितीही गणित शिकवलेलं असो, काही उपयोग नव्हता. धक्के महिनोन् महिने चालूच होते. मी पळाले त्या दिवशीही यायचे, नाही पळाले त्या दिवशीही. मी हे कागदावर मांडून दाखवायला तयार होते. पण माझं पळणं आणि हलणारी जमीन यांची घरात एकदा सांगड बसली ती बसली. शेजारच्या काकूसुद्धा कुंपणावरून म्हणाल्या, "एवढं फेडून टाका ना, आम्हालाही झोप लागेल." म्हणजे अख्ख्या मसोलीची झोप माझ्या टाचेवर! बूट घालायला बसले की मलाच चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. पळणं बंद झाल्यापासून माझा आवाज चढलेलाच होता, आता राग येऊन येऊन मी घरात सगळ्यांच्या अंगावर जायला लागले. भाजीत मीठ जास्त, आवाज. मुलीची वही मिळत नाही, आवाज. मी शाळेत निघताना नवरा मला म्हणाला, "तुझ्या वर्गातली पोरं कशी सहन करतात?" त्यावरूनही आवाज.

चैत्रात देवीची जत्रा भरली तेव्हा मी आईंना शेवटचं सांगितलं. मी येईन, नारळ फोडीन, साडी नेसवीन, पण बूट घालून येईन. आईंनी हातातली वात आधी वळून पूर्ण केली. मग म्हणाल्या, "बोलले मी. मग मीच चालते. तू बरोबर चल."

"तुम्ही? डहाणूपासून?"

"डहाणूपासून असं कुठं म्हटलं होतं मी? चारोटी नाक्यापासून."

देवीशी इतक्या बारकाईनं बोललेलं आईंच्या आत्ताच लक्षात आलं होतं. तिथून देऊळ जवळ, मी नशीब म्हटलं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं चारोटी गाठली. आईंनी चप्पल काढून माझ्या हातात दिली. हायवेच्या कडेनं आम्ही निघालो; अच्छाडकडे जाणारे ट्रक अंगावर धूळ उडवत चाललेले, आणि जत्रेची माणसं रांगेनं, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. वर्षानुवर्षं मी आडकाठीविना एकटीनं पळायची स्वप्नं बघितली होती, आणि पायात पळायचे बूट घालून मी सासूबाईंच्या चपला हातात धरून मुंगीच्या चालीनं चालत होते. आई दर पन्नास पावलांवर थांबायच्या. माहेरचं कुणी भेटायचं, मग त्यांच्या गुरांची, भाताची, धक्क्यांची चौकशी. वाटेतच त्यांनी जत्रेत विकायला चाललेल्या सुक्या बोंबलांचा भाव काढायला सुरुवात केली. ऊन चढायला लागलं तसं डांबर तापलं आणि त्या मातीच्या पट्टीवरून चालू लागल्या, तिथं खडी. "चप्पल घाला," मी म्हटलं. "निम्मी वाट झाली, देवी समजून घेईल." त्या खडीवरून तशाच पुढं निघाल्या.

गाभाऱ्यासमोर गर्दीचा रेटा होता. आई हात जोडून मोठ्यानं बोलल्या, त्यांना मोठ्यानंच बोलायची सवय आहे. "झालं हं बाई. आता पळू दे हिला."

बाहेर येऊन एका दगडावर त्या बसल्या आणि तळवे बघायला लागल्या. उजवी टाच लालबुंद. मी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं. शेवटी विचारलंच, "आई, तुम्ही नवस कशासाठी केला होतात? पाय बरा व्हावा म्हणून ना?"

"तुला परत पळता यावं म्हणून."

"पण तुम्हाला तर माझं पळणं आवडत नाही!"

"नाहीच आवडत." त्यांनी पदरानं तळवा पुसला. "घरात बसल्यापासून तू कशी झालीस, तुझं तुला ठाऊक. देवीला म्हटलं, हिला तेवढं जाऊ दे, आम्हाला जगू दे."

माझ्या वतीनं, मला न विचारता, माझ्याच स्वभावाची तक्रार थेट देवीकडे गेली होती, आणि मी ती तक्रार फेडायला हायवेनं चालत आले होते.

"आणि त्या दुपारी," आई पुढे म्हणाल्या, आता माझ्याकडे न बघता, "सगळे बाहेर आलो आणि मागे बघते तर तू उंबऱ्यात. पळता येत नव्हतं तुला. तेव्हा म्हटलं, रोज पळू दे हिला नाहीतर काय वाट्टेल ते करू दे. पण वेळ येईल तेव्हा हिला पळता आलं पाहिजे. मी किती दिवस येणार आहे परत आत?"

मी त्यांच्या पायावर पाणी ओतत राहिले. बाटली संपली तरी तशीच धरून होते. मग आईंना बोंबील आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालून निघणार तोच आतून "आई गं" ऐकू आलं. आई खाटेच्या काठावर बसलेल्या, उजवा पाय वर धरून. पहिल्या पावलाला टाचेत खिळा. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. म्हणजे झालं. आता डॉक्टरणीकडे यांना न्या, बर्फ यांना, व्यायाम यांना, आणि दूध, पूजेचं पाणी, सगळं माझ्यावर. परत पहिल्यापासून. मी बुटांची नाडी सोडायला वाकले.

"काय करतेस?" आई म्हणाल्या. "जा ना. उशीर होतोय."

"दूध?"

"मी बघते."

मी माझी घरातली मऊ चप्पल आणून त्यांच्या पायापुढे ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, देवघराकडे बघितलं, माझ्याकडे मुळीच बघितलं नाही. पाय आत घातले आणि भिंतीला धरून ओट्याकडे निघाल्या.

मी समुद्रापर्यंत गेले नाही, फाटकापर्यंतच गेले. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. शेटजींनी स्कूटर थांबवली, मी हात हलवला. परत आले तर ओट्यावर दूध उतू गेलेलं, खाली लादीपर्यंत ओघळलेलं. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. फडकं घेतलं आणि मुकाट्यानं पुसायला बसले, कारण आई फ्रिजसमोर उभ्या होत्या, त्या चार लाद्यांवर, बर्फाची बाटली काढत, आणि चप्पल त्यांच्या पायातच होती.